चिमटीत न येणारे केस

सोन-कोल, १६ जून

चिनारा,

गाडीवाला तुरात पीठ आणि चहा टाकून दुपारीच परत फिरतोय, त्याच्या हाती हे देतो. तो पोरांना बघून गेलाय आणि त्याच्या पोटात काही राहत नाही, म्हणून त्याच्याआधी मीच सांगतो. दोघांचे केस काढले. अदिलेतचे आणि बायेलचेही. अगदी बारीक, खालची कातडी दिसेल इतके. मीच ठरवलं आणि मीच काढले. माझ्या आईवर खापर फोडू नकोस, तिने फक्त पाणी तापवून दिलं.

तू पोरांना गाडीत बसवताना काय सांगितलंस ते विसरलेलो नाही. केसांना हात लावायचा नाही, ऑगस्टात आसेलचं लग्न आहे, तुझ्या धाकट्या बहिणीच्या लग्नात पोरं नीट दिसली पाहिजेत. जाकिटं शिवायला घेतलीस तेही माहीत आहे. ऑगस्टपर्यंत थोडे येतील. नाही आले तर कल्पाक घालतील, लग्नात टोपी चांगलीच दिसते.

कारण विचारशील. इथे उकडतं. धूळ आहे. मेंढ्यांना गोचीड झालीय आणि पोरं दिवसभर मेंढ्यांतच लोळतात. अदिलेतचे केस कानाखाली आले होते, नऊ वर्षांच्या पोराला इतके केस कशाला.

बाकी सगळं ठीक. बायेल एकटा घोड्यावर चढायला शिकला, उतरायला अजून मीच लागतो. अदिलेत कमी बोलतो, पण जेवतो.

कुबात

सोन-कोल, २७ जून

चिनारा,

पत्र मिळालं. आधी बाहेर उभ्याने वाचलं, मग आत येऊन पुन्हा वाचलं.

बरोबर आहे तुझं. सोन-कोलला जूनमध्ये उकडत नाही. लग्नानंतरच्या पहिल्या जूनमध्ये तू इथे बर्फात गोवऱ्या वेचल्यास, तुला हे सांगायला मीच मूर्ख. काल सकाळीही बादलीतल्या पाण्यावर बर्फाचा पापुद्रा होता. गोचीड मात्र खरी आहे, तुरातला विचार.

पोरं कैद्यांसारखी दिसत असतील, असं लिहिलंस. दिसतात थोडी. मी हे तुला डिवचायला केलं, असंही लिहिलंस. तसं नाही, पण तुला पटवता येणार नाही, म्हणून सोडून देतो. आणि तिसरं जे लिहिलंस, की हिवाळ्यात मी "थोरला आजीचा असतो" म्हणालो होतो आणि ही त्याचीच सुरुवात, आधी केस जातील मग शाळा जाईल, त्यावर आज काही लिहीत नाही.

थंडीची काळजी करू नकोस. आईने दोघांना लोकरीच्या टोप्या विणल्यात. बायेलला ती टोचते, म्हणून तो ती कुत्र्याला घालतो.

माझेही केस काढलेत. मी टोपी उतरवली नव्हती म्हणून तुरातने तुला सांगितलं नसणार. बायेल म्हणतो, बाबा, तुमचं डोकं मागून पोळपाटासारखं सपाट आहे. मला एवढ्या वर्षांत कोणी सांगितलं नव्हतं. तू तरी सांगायचंस.

एक विचारतो, भांडणासाठी नाही. हिवाळ्यात अदिलेत घरात टोपी घालून बसायचा का? डोकं धुताना तो तुला जवळ येऊ द्यायचा, की आतून कडी लावायचा? नीट आठवून लिही.

कुबात

सोन-कोल, ९ जुलै

चिनारा,

तू लिहिलंस की कडी लावायचा. टोपीही घालायचा, झोपतानासुद्धा, आणि तुला वाटलं मोठा होतोय, लाजतोय. पुढे लिहिलंस की काय झालंय ते सरळ सांग, नाहीतर येत्या खेपेला तुरातच्या गाडीत बसून येते आणि दोघांना घेऊन जाते, आणि मग कुठलं कुरण आणि कुठला उन्हाळा.

मी तुझं पत्र घेऊन अदिलेतकडे गेलो. कोणाला सांगणार नाही असं त्याला कबूल केलं होतं, म्हणून आधी त्याला विचारलं. तो घोड्याची आयाळ विंचरत राहिला. मग म्हणाला, सांगा, पण मी इथे असताना सांगा, समोर नको.

तर ऐक. पोरं आली त्या आठवड्यात मी त्यांची डोकी धुवायला घेतली. बायेलचं झालं. अदिलेत नको नको म्हणत होता, मी ऐकलं नाही, मानगूट धरून वाकवलं. साबण लावला तर उजव्या कानामागे हाताला केसच लागेनात. पाणी ओतून बघितलं. चहाच्या प्याल्याच्या बुडाएवढी जागा, गुळगुळीत. वरून लांब केस ओढून घेतले की काही दिसत नव्हतं. त्यासाठीच वाढवलेले ते, चिनारा. तुला वाटत होतं शहरातली फॅशन, मलाही तेच वाटलं होतं.

मला वाटलं गजकर्ण. वासरांना होतं तसं. मी डांबर शोधायला निघालो. आईने त्याला उजेडात नेलं, अंगठ्याने चोळून बघितलं आणि म्हणाली, "कातडी साफ आहे. हा रोग नाही. पोरगं उपटतंय."

अदिलेतने ते ऐकलं आणि तो तंबूमागे जाऊन खोगिरांमध्ये बसला. रडला वगैरे नाही. मी जाऊन शेजारी बसलो. जे तोंडात आलं ते विचारलं.

"दुखत नाही का रे?"

"उपटताना दुखतं. मग बरं वाटतं."

"कधीपासून?"

"तुम्ही दोघं दार लावून बोलायला लागलात तेव्हापासून."

मी म्हणालो, अरे, तुम्हाला त्रास नको म्हणून तर दार लावायचो, आवाजही खाली ठेवायचो.

"म्हणूनच," तो म्हणाला. "अर्धंच ऐकू यायचं."

ते अर्धं काय, हे तुला सांगायला नको. थोरला तिकडे, धाकटा इकडे. वाक्य माझं होतं. तू त्यावर "बघू" म्हणाली होतीस, त्याने तेही ऐकलं होतं. भिंतीच्या पलीकडे तो आणि बायेल एका पलंगावर. बायेल झोपलेला, आणि हा विचार करतोय की बायेलला बूट कोण घालून देणार.

मग त्याने मला सरळ विचारलं, "मला इथे ठेवायलाच आणलंय ना?"

तुलाही हे हवं होतं ना उत्तर, म्हणून लिहितो. हो. मनात तेच होतं. आईशी बोलणंही झालं होतं. वडील गेल्यापासून ती एकटी आहे, आणि आमच्याकडे थोरला नातू आजीजवळ वाढतो हे तुलाही ठाऊक आहे, मी स्वतः तसाच वाढलो. सप्टेंबरात खाली कोचकोर गावातल्या शाळेत नाव घालायचं आणि तुला आसेलचं लग्न उरकल्यावर सांगायचं, असं ठरवलं होतं. त्याला मी त्या वेळी हो म्हणालो नाही आणि नाहीही म्हणालो नाही. मीही "बघू" म्हणालो. त्याचा हात माझ्यासमोर कानामागे गेला. त्याला कळलंही नाही. दोन बोटांनी एक केस धरला, उपटला, बघितला आणि वाऱ्यावर सोडला.

केस काढा असं तोच म्हणाला. सगळेच काढले की ती जागा वेगळी दिसणार नाही, म्हणून. आणि आईला सांगू नका म्हणाला. "आई रडली की तिचं शिवण चुकतं, मग कारखान्यातली बाई तिला सगळ्यांसमोर बोलते." तू पोरांना हे कधी सांगितलं होतंस? मला तर कधीच नाही.

त्याच्या एकट्याचे काढले असते तर बायेलने अख्ख्या कुरणाला कारण विचारलं असतं. म्हणून आधी बायेल, मग मी, मग अदिलेत. बायेलला वाटतंय ही काहीतरी मर्दानी गोष्ट आहे, शेजारच्या तंबूतल्या पोरांनाही तो चला चला करत होता. वडिलांचं जुनं हातमशीन होतं, ते जरा ओढतं.

आता पुढचं, जे मला आधी माहीत नव्हतं. केस इतके बारीक झाले की ते चिमटीत येत नाहीत. हात अजूनही वर जातो. बोटं कानामागे फिरतात, काही सापडत नाही, खाली येतात. पहिले काही दिवस तर नुसती वर-खाली. आता कमी झालंय. आईने त्याच्यापुढे लोकरीचा ढीग टाकलाय, लोकर थापून करायच्या नमद्यासाठी पिंजायला, आणि बोलणं चालू असलं की तो ती लोकर तोडत बसतो. आई म्हणते, "उपट किती उपटायचं ते, मेंढी काही बोलत नाही."

तर हे असं आहे. पहिल्यांदा मी तुला न विचारता मशीन फिरवलं. पुढचं मात्र एकट्याने ठरवायचं नाहीये मला. केस असेच ठेवायचे का, किती महिने, त्याचे एकट्याचे की दोघांचे. सप्टेंबरात शाळा सुरू झाली की तू त्यांचं काय करशील. आणि दुसरंही, तो कुठे राहणार ते. तू सांग. येऊन त्यांना घेऊन जायचं असेल तर तसं सांग, मी अडवणार नाही.

कुबात

सोन-कोल, २३ जुलै

चिनारा,

मधल्या खेपेला तुरात रिकाम्या हाताने आला तेव्हा वाटलं, तू आता वकिलामार्फतच बोलणार. मग पाच दिवसांपूर्वी पत्र आलं.

पलंग ओढून बघितलास हे बरं केलंस आणि नाहीही. भिंत आणि गादी यांच्या मध्ये जो केसांचा पुंजका सापडला तो फेकून दे. ठेवू नकोस. बाईंनी शाळेत सांगितलं की वर्गात तो डोक्यावरून स्वेटरचं टोपडं काढत नव्हता आणि त्यांनी दोनदा ओरडून सोडून दिलं. त्यांच्यावर रागावू नकोस. आपल्या दोघांच्या घरात तो राहत होता, त्यांच्या नाही.

तू विचारलंस, "त्याने तुला सांगितलं आणि मला का नाही?" चिनारा, त्याने मलाही सांगितलं नाही. त्याचं डोकं माझ्या हाताखाली पाण्यात होतं एवढंच. तुझ्या हाताखाली आलं असतं तर तुला सापडलं असतं.

तुझं ठरलं ते मला मान्य. दोघांचेही केस बारीकच ठेवायचे, दर दोन आठवड्यांनी मशीन, आणि तो स्वतः वाढवतो म्हणेपर्यंत. लग्नात कोणी विचारलं तर दोघांनी एकच उत्तर द्यायचं, की बापाने काढले. तुझे नातेवाईक ते लगेच मानतील. जाकिटांच्या कॉलरी आता उघड्या मानेवर टोचतील म्हणून तू आतून मऊ कापड लावतेयस, हे वाचून मला जरा बरं वाटलं.

दुसऱ्या गोष्टीबद्दल तू दोनच ओळी लिहिल्यास. दोघं एकत्र, शाळा बिश्केकला, सुट्टी इथे, नाहीतर कोर्ट. कोर्टाची गरज नाही. मी आईला सांगितलं.

ती तूप कढवत होती. म्हणाली, "तुला तुझ्या आजीने वाढवलं, काय शिंगं फुटली तुला?"

मी म्हणालो, नाही फुटली. पण माझा धाकटा भाऊ मला अजून पाहुण्यासारखा चहा विचारतो.

ती ढवळत राहिली. तूप मात्र करपलं. दोन दिवस माझ्याशी जेवणापुरतंच बोलली. तिसऱ्या दिवशी मला म्हणाली की थोरल्याला सप्टेंबरात जाताना जाड मोजे लागतील, लोकर निवड. तिच्याकडून एवढंच मिळेल, पण मिळालं.

मग पोरांना सांगितलं. आत नाही सांगितलं. घोड्यांच्या धारा काढायची वेळ होती, शिंगरं बांधलेली, शेजारच्या बायकाही होत्या, त्या सगळ्यांसमोर मोठ्याने सांगितलं. तुम्ही दोघं एकत्र राहणार. शाळेचे महिने आईकडे दोघं, उन्हाळा माझ्याकडे दोघं. आई आणि मी एका घरात राहणार नाही, ते बदलणार नाही, पण तुमची वाटणी होणार नाही.

अदिलेतने हातातली दोरी सोडली नाही. विचार करून म्हणाला, "आणि परत काही बदललं तर?"

"तर आधी तुला सांगू."

"दार न लावता?"

"दार न लावता."

तो बरं म्हणाला आणि ओढ्यावर जाऊ का म्हणून विचारलं. मला वाटलं होतं काहीतरी होईल, मिठी मारेल किंवा रडेल. ओढ्यावर गेला. संध्याकाळी बोटाएवढे दोन मासे घेऊन आला आणि आजीकडून तळून घेतले.

रडला तो बायेल. त्याला इथे राहायचं होतं. म्हणे दादाला नको असेल तर मला ठेवा, शाळा मला आवडत नाही. आपल्या एवढ्या भांडणात त्याला कोणी विचारलंच नव्हतं. त्याला मी सांगितलं की घोडा त्याचाच राहील. कोणता, ते आधीच विचारून घेतलं त्याने.

कुबात

कोचकोर, १२ नोव्हेंबर

चिनारा,

कुरणावरून गावात उतरलोय, इथे फोन लागतो, तरीही पत्रच लिहितो. फोनवर आपण दोघंही तिसऱ्या वाक्याला ओरडायला लागतो. कागदावर तुला मला मध्येच तोडता येत नाही, आणि मला तुला.

काल तू घाबरून फोन केलास. जुन्या जागी केस भरून आलेत, पण डाव्या बाजूला नखाएवढा नवा डाग आहे. तू म्हणालीस, सगळं वाया गेलं. मला तसं वाटत नाही. सहामाही परीक्षा, आणि त्यातच घटस्फोटाची कोर्टातली तारीख होऊन गेली. आपण दोघांनी तिथे एकच गोष्ट सांगितली खरी, पण तो बाहेर बाकावर बसला होता आणि आतलं दार बंद होतं. ते दार आपलं नव्हतं. त्याला कसं कळणार? त्याला आज बसवून तिथे काय बोलणं झालं ते शब्दाला शब्द सांग. मी रविवारी येऊन पुन्हा सांगेन. दोघांचं जुळतंय की नाही ते तो तपासेल, तपासू दे.

डॉक्टरबाईंकडे नेणार आहेस ते योग्यच. मी आधी नको म्हणालो होतो, कारण मला वाटलं लोक वेडा म्हणतील. आईला विचारलं तर ती म्हणाली, पाय मोडला असता तर नेलं असतं ना. ने. मीही येतो, बाहेर थांबायला लागलं तर थांबतो.

केस परत बारीक करूया. तू म्हणालीस की मधल्या काळात थोडे वाढू दिले ही तुझी चूक. मागच्या महिन्यात तुझ्या स्वयंपाकघरात मीच म्हणालो होतो की आता राहू दे, थंडी आहे. तू त्याचं डोकं धरलं होतंस, मशीन माझ्या हातात होतं, आणि मीच बंद केलं. तेव्हा दोघांचं मिळून चुकलं. पुढच्या वेळी जरा जास्त वाट बघू.

त्या दिवशी मला एक विचित्र वाटलं होतं, ते सांगतो. आपण कितीतरी महिन्यांनी एका खोलीत इतका वेळ न भांडता उभे होतो. तू म्हणत होतीस, कान सांभाळ, आणि मी कान सांभाळत होतो. मला त्यातून काही नको आहे, तुलाही नको आहे हे मला कळतं. फक्त झालं ते लिहिलं.

बायेलचे वाढू द्यायला माझी हरकत नाही. तो कंटाळलाय, आणि अदिलेतच म्हणतो ना, "त्याचे माझ्यासारखे असायची आता गरज नाही." पण काल फोनवर बायेल मला म्हणाला, मला काढायचेच आहेत, थंडी पडली की डोक्यावर हात फिरवायला मजा येते. तेव्हा तू त्याला दर खेपेला विचार. आपल्यापैकी कोणीही त्याला काही विचारत नाही, अशी त्याची तक्रार आहे, आणि ती खरी आहे.

शाळेतलं तू शेवटी घाईघाईने सांगितलंस आणि फोन कटला, म्हणून नीट समजलं का बघ. मधल्या सुट्टीत वरच्या वर्गातल्या एका मुलाने अदिलेतला धरलं आणि विचारलं, तुरुंगातून सुटलास की डोक्यात उवा झाल्यात. बायेलने घरी येऊन तुला सांगितलं, त्याला वाटलं दादा आता मारामारी करणार. पण अदिलेतने मारामारी केली नाही. हात खिशात ठेवून म्हणाला, "आमच्या घरात सगळे असेच कापतात."

कुठलं घर, ते त्याने सांगितलं नाही. तू विचारलं नाहीस, तेच बरं केलंस.

रविवारी येतो. मशीनला तेल घालून आणतो.

कुबात